गॉगल घेताना सावलीचा विचार कर

छत्रपती संभाजीनगर,
होळीनंतरचा रविवार

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. अंबाजोगाईला बदली झाल्यावर सायकल अडगळीत गेली असेल असं मी धरून चाललो होतो, आणि तू तर पहाटे मुकुंदराजाच्या दरीकडे जाऊन यायलास! मनापासून आनंद झाला. डोंगरात सायकल चालवताना कोणता गॉगल घालावा हे विचारलंस, ते एका ओळीत सांगून भागणार नाही. प्रश्न डोळ्यांचा आहे आणि तुला नंबरही आहे. म्हणून निवांत लिहायला बसलोय.

दुकानदार म्हणतो, मराठवाड्याचं ऊन आहे, सगळ्यात काळी काच घ्या. ट्रॅक्टरवर किंवा रानात दिवसभर उभं राहणाऱ्याला ते ठीक आहे. डोंगरातल्या वाटेला हिशोब उलटा लागतो. तुझ्या नेहमीच्या वाटेवर सगळ्यात अंधारी जागा कोणती ते आठव आणि काच त्या जागेसाठी निवड. उघड्या माळावर ऊन जास्त झालं तर डोळे बारीक करता येतात, हेल्मेटचा पुढचा छज्जा मदतीला असतो. सावलीत शिरल्यावर समोरचा गोटा दिसला नाही तर आपल्या हातात काही उरत नाही.

दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी आठवते ना? भर दुपारी आत पाऊल टाकलं की सुरुवातीला स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. डोळ्याची बाहुली पटकन मोठी होते, पण अंधाराला डोळा पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. उतारावर ताशी २५ किलोमीटरने येणारी सायकल एका सेकंदात सात मीटर पुढे जाते. झाडाखालची सावली तेवढीच लांब असली, तर डोळा सरावायच्या आत सावली संपलेली असते आणि तिच्यात जे काही होतं त्यावरून चाक गेलेलं असतं. सुलीभंजनच्या उतारावर आमच्यातला एक जण असाच पडला. ऊन लख्ख, गॉगल एकदम काळा, आणि वडाखाली वाट पावसाने खचून वीतभर खोल घळ पडलेली. मागून येणाऱ्या आम्हाला ती दिसत होती, त्याला दिसली नाही. हात खरचटण्यावर निभावलं.

आता काचेचं माप. काच म्हणायची आपली सवय आहे, असतं ते प्लास्टिकचंच भिंग. त्यातून किती टक्के उजेड आत येतो यावर ० ते ४ असे पाच वर्ग आहेत, आणि चांगल्या गॉगलच्या काडीवर आतल्या बाजूला तो आकडा छापलेला असतो. वर्ग ३ म्हणजे ८ ते १८ टक्के उजेड. बाजारात टांगलेले बहुतेक गॉगल या वर्गातले. वर्ग ४ मध्ये ८ टक्क्यांहूनही कमी. तो बर्फाच्या डोंगरांसाठी, आणि तो घालून गाडी चालवू नये असा नियमच आहे. वर्ग २ मध्ये १८ ते ४३ टक्के, वर्ग १ मध्ये ४३ ते ८० टक्के, आणि वर्ग ० म्हणजे जवळजवळ पांढरी काच. तुझ्या वाटांना झाडी आहे, दरी आहे, आणि तू निघतोस पहाटे. म्हणून माझं मत वर्ग २, आणि त्यातही फिक्या बाजूचा. इथल्या सातारा डोंगरावर सगळा उघडा मुरूम आणि सुकलेलं गवत आहे. तिथेही एप्रिलच्या सकाळी नऊपर्यंत मला वर्ग २ कधी कमी पडलेला नाही.

रंग तपकिरी घे. तांबूस किंवा गुलाबीसर मिळाला तरी चालेल. हवेत सगळ्यात जास्त विखुरतो तो निळा उजेड, त्यानेच सगळं धुरकट दिसतं. तपकिरी काच तो बराचसा अडवते, आणि मुरमावरचा काळा गोटा, सुटी खडी, चाकोरीची कड उठून दिसते. करडी काच रंग जसेच्या तसे दाखवते, पण वाट सपाट वाटते. खड्डा आणि त्याची सावली यातला फरक पुसला जातो. पिवळी काच ढगाळ हवेला आणि तांबडं फुटायच्या वेळेला सुंदर, दिवस वर आला की त्रास देते. दुकानात निळ्या-हिरव्या आरशासारख्या काचा पुढे करतील. तो मुलामा वरवरचा असतो. गॉगल उन्हात पांढऱ्या कागदावर धर, कागदावर जी सावली पडेल तो खरा रंग.

पोलराइज्ड घेऊ का, असं तू खास विचारलंस. पाणी आणि डांबर यांच्यावरून आडवी परावर्तित होणारी तिरीप हे भिंग कापून टाकतं. पैठणला नाथसागराच्या काठी पक्षी बघायचे असतील तर त्यासारखा चष्मा नाही. पण पावसाळ्यात ओला बसाल्ट चकाकतो म्हणूनच आपल्याला कळतं की इथे चाक घसरणार. पोलराइज्ड भिंगातून ती चकाकी मरते आणि ओला दगड कोरड्यासारखा दिसतो. शिवाय हँडलवर लावलेल्या मीटरचा किंवा मोबाइलचा पडदा तिरका पाहिला की काळा पडतो. डोंगरासाठी नको.

उन्हात काळी आणि सावलीत फिकी होणारी फोटोक्रोमिक काच मला मनापासून आवडते. पण ती अतिनील किरणांवर चालते आणि तापमानाचाही तिच्यावर परिणाम होतो. थंडीत ती जास्त गडद होते आणि फिकी व्हायला वेळ घेते. आपल्या वैशाखात पुरती गडद होतच नाही. आपल्याला गडद नकोच आहे, त्यामुळे उन्हाळ्यातलं हे वागणं पथ्यावरच पडतं. एवढंच लक्षात ठेव की फिकी व्हायला तिला मिनिटं लागतात, एका झाडाच्या सावलीत ती बदलणार नाही. घ्यायचीच तर जिची फिकी बाजू वर्ग ० किंवा १ ची आहे अशी घे. पहाटे निघून उन्हात परतणाऱ्या तुला एकाच चष्म्यात दोन्ही वेळा सांभाळता येतील.

आता रंगाहून मोठी गोष्ट: भिंग कशाचं आहे. पुढच्या सायकलच्या चाकाखालून उडालेली खडी, बोराटीची वाकलेली फांदी, बाभळीचा काटा, हे सगळं थेट डोळ्यावर येतं. माझ्या जुन्या गॉगलच्या उजव्या काचेवर बाभळीच्या काट्याने ओढलेली एक रेघ आहे, बरोबर बुबुळासमोर, नखाला लागते इतकी खोल. त्या रेघेवर बोट फिरवत तिची गोष्ट मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो. खरी काच असलेला चष्मा डोंगरावर कधीही घालायचा नाही. भिंग पॉलिकार्बोनेट या चिवट प्लास्टिकचंच हवं. त्यावर लवकर ओरखडे येतात, पण ते फुटून डोळ्यात जात नाही. झेड ८७ प्लस (Z87+) ही सुरक्षा-चष्म्यांच्या अमेरिकी मानकाची खूण असेल तर उत्तम. त्या मानकाच्या चाचणीत पाव इंची पोलादी गोळी ताशी सुमारे १६५ किलोमीटर वेगाने भिंगावर मारतात. वाळूज एमआयडीसीत ग्राइंडिंगवर उभ्या माणसाला जो पांढरा चष्मा देतात, त्यावरही ही खूण सापडते. हार्डवेअरच्या दुकानात तो अगदी स्वस्तात मिळतो. नंबर नसलेल्यांनी पहाटेसाठी आणि पावसाळ्यासाठी तोच घ्यावा असं मी सगळ्यांना सांगतो.

काळेपणा आणि अतिनील किरणांपासून बचाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पांढरं पॉलिकार्बोनेटसुद्धा हे किरण जवळजवळ सगळे अडवतं. उलट, बाजारातला हलक्या प्रतीचा काळा चष्मा ते अडवत नसेल तर जास्त वाईट, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण आत जायला वाट रुंद मिळते. ‘यूव्ही ४००’ लिहिलेलं बघ. चष्म्याच्या चांगल्या दुकानात मोजायचं यंत्रही असतं, संकोच न करता मोजायला सांग. गावात ते नसेल तर किराणा दुकानदाराकडे नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो. त्याखाली नोटेवरचे आकडे चमकतात. दिवा आणि नोट यांच्यामध्ये भिंग धर. चमक विझायला हवी. ढोबळ परीक्षा आहे, पण अगदी बनावट माल लगेच उघडा पडतो.

तुझ्या नंबरचं. आतून जोडायची नंबरची छोटी फ्रेम मिळते, पण चढाला घामाची वाफ त्या दोन भिंगांमध्ये कोंडते. कॉन्टॅक्ट लेन्स आपल्या फुफाट्यात मी सुचवणार नाही. फार वळवलेल्या फ्रेममध्ये नंबर बसवला की कडेचं वाकडं दिसतं आणि जमिनीचा अंदाज चुकतो. म्हणून बेताच्या वळणाची खेळाची फ्रेम घे आणि नंबरचं भिंगच पॉलिकार्बोनेटमध्ये, फिक्या तपकिरी रंगात करून घे. नंबर मोठा असेल तर पॉलिकार्बोनेटमध्ये कडांना रंगाची झाक दिसते. तेव्हा ट्रायव्हेक्स नावाचं दुसरं प्लास्टिक मिळतं का विचार. मजबुती तशीच, दिसतं जास्त स्वच्छ.

फ्रेम घालून बघताना हेल्मेट घेऊन जा. आरशासमोर ताठ उभं राहू नकोस. हँडल धरल्यासारखा पुढे वाक आणि त्याच स्थितीत दूरवर बघ. वरची कड नजरेत आली तर ती फ्रेम सोडून दे. भुवई आणि भिंग यांच्यात वारा जायला फट हवी, नाहीतर पहिल्याच चढाला धुकं धरेल. आणि घरी आल्यावर शर्टाच्या टोकाने पुसायचं नाही. आपली धूळ म्हणजे दगडाचा चुरा आहे. आधी नळाखाली धर, मग साबणाचा एक थेंब, मग मऊ फडकं.

तुझा नंबर शेवटचा कधी तपासलास? तुमच्या गावात मेडिकल कॉलेजच आहे, डोळ्यांच्या ओपीडीत या आठवड्यात जाऊन ये आणि ताज्या कागदाचा फोटो मला पाठव. इथे औरंगपुऱ्यात माझ्या ओळखीचा एक चष्मेवाला आहे, तो मनासारखी फिकी छटा चढवून देतो. फ्रेमचं माप कळव, म्हणजे गुढीपाडव्याच्या आत करून घेतो. काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुधाकर