मक्यातला फॉस्फरस: तक्त्यात किती, पिल्लाला किती

संपादक महोदय,

शेतीच्या पानावर डुकरांच्या खाद्याचे तक्ते छापून येतात, तेव्हा फॉस्फरसच्या रकान्यात बहुधा 'एकूण' फॉस्फरस असतो. दूध तुटलेल्या पिल्लांचे खाद्य या आकड्यावर बसवले की हिशेब चुकलाच म्हणून समजा. धान्यातला सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट या संयुगात अडकलेला असतो आणि फायटेट फोडणारे फायटेज हे विकर डुकराच्या आतड्यात नावापुरतेच तयार होते. दळण कितीही बारीक केले तरी ही गाठ सुटत नाही. ती रासायनिक आहे.

१०० किलो खाद्य धरू. ६५ किलो मक्यातून साधारण १७० ग्रॅम आणि ३० किलो सोयापेंडीतून १९५ ग्रॅम, असा एकूण ३६५ ग्रॅम फॉस्फरस येतो. ११ ते २५ किलो वजनाच्या पिल्लांना एवढ्या खाद्यात ३३० ग्रॅम लागतो. तक्ता पाहणारा म्हणतो, पुरेसा आहे, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे वरून घालायची फॉस्फरसची पूड) कशाला? पण ती ३३० ग्रॅमची गरज पचनीय फॉस्फरसची आहे. मक्यातला जेमतेम ३४ टक्के आणि पेंडीतला ४८ टक्क्यांच्या आसपास पचतो, म्हणजे हाती येतो १५० ग्रॅम. उरलेल्या १८० ग्रॅमसाठी सव्वा किलोच्या आसपास डीसीपी लागते. ती गाळली तर आधी पिल्लांचे खाणे आणि वाढ मंदावते, मग मागचे पाय लुळे पडू लागतात. तोवर हाडे ठिसूळ झालेली असतात.

बाहेरून फायटेज घातले तर डीसीपी निम्म्यावर आणता येते. किलोमागे ५०० एफटीयू (फायटेजची ताकद मोजण्याचे एकक) या मात्रेने १०० किलो खाद्यात साधारण १०० ग्रॅम पचनीय फॉस्फरस मोकळा होतो. पुडीवर 'ग्रॅमला ५००० एफटीयू' लिहिले असेल तर १०० किलोला १० ग्रॅम पुरते. एवढीशी पूड थेट ढिगावर टाकू नये. ती आधी किलोभर मक्याच्या भरड्यात कालवावी, तो भरडा आणखी १० किलोत मिसळावा आणि मग मिक्सरमध्ये घालावा. नाहीतर एका पिल्लाच्या वाट्याला सगळे, दुसऱ्याच्या वाट्याला काहीच नाही.

फायटेज घालूनही गुण येत नाही, तेव्हा आमचा पहिला संशय चुनखडीवर असतो. स्वस्त म्हणून ती हात सैल सोडून घातली जाते. फायटेजचे काम मुख्यतः जठरातल्या आम्लात चालते आणि नुकते दूध तुटलेल्या पिल्लाचे आम्ल मुळातच कमी. चुनखडी तेही मारते. शिवाय तिच्यातले कॅल्शियम फायटेटला धरून बसते. या वजनाच्या पिल्लांना १०० किलो खाद्यात सगळे मिळून ७०० ग्रॅम कॅल्शियम लागते आणि एक किलो जादा चुनखडी त्यात ३८० ग्रॅमची भर घालते! हगवणीसाठी मोठ्या मात्रेत दिलेले झिंक ऑक्साइडही फायटेजच्या कामात अडथळा आणते.

गहू आणि जव यांच्यात स्वतःचे फायटेज बऱ्यापैकी असते, मका आणि ज्वारीत अगदी थोडे. म्हणून गव्हातला फॉस्फरस जास्त पचतो, पण खाद्य कच्चे, भरड्याच्या रूपात दिले तरच. गोळी करताना वाफेची उष्णता ८० अंशांच्या वर गेली की हे विकर बरेचसे निकामी होते. पुडीतले साधे, आवरण नसलेले फायटेजही त्यातून सुटत नाही. गहू किंवा जवाचा भरडा कोमट पाण्यात काही तास भिजवला तर धान्यातले फायटेज कामाला लागते. ते पाणी ओतून देऊ नये, मोकळा झालेला फॉस्फरस त्यातच उतरतो. भरडा आंबवायचा असेल तर वरून घालायचे लायसिन हे अमिनो आम्ल मात्र आंबवून झाल्यावरच घालावे. आधी घातले तर ते जंतूच फस्त करतात.

न पचलेला फॉस्फरस शेणखतातून जमिनीत आणि पुढे पाण्यात उतरतो, तो विषय वेगळ्या पत्राचा. तूर्त एवढीच विनंती: यापुढे तक्ता छापताना 'एकूण'च्या शेजारी 'पचनीय' असा रकाना द्यावा आणि खाद्य भरड आहे की गोळी, हेही नमूद करावे.

— पशुआहार क्षेत्रात काम करणारे काही वाचक