आरोग्यमंत्री साहेब, पिवळ्या औषधाचा हिशोब कुणाकडं हाय?

मा. आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. दिवाळी झाली की अर्धं गाव कोयता घेऊन ऊस तोडायला कारखान्याला जातं. मागच्या सीझनला भावजय सहा महिन्यांचं लेकरू घेऊन टोळीसंगं गेली, तिकडंच नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर ते पिवळं औषध, म्हणजे अ जीवनसत्त्वाचा डोस पाजला म्हणते, पण कार्ड राहिलं तिकडच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. आता गावात एकजण म्हणतो परत पाजा, काय होतंय, दुसरा म्हणतो थांबा.

साहेब, हे काय ब-कॉम्प्लेक्स नाही की जास्तीचं लघवीतून निघून गेलं. हे चरबीत विरघळतं आणि लिव्हरमध्ये साठतं. लिव्हर म्हणजे कणगीच समजा, आज भरली की चार-सहा महिने पुरती. पहिला डोस एक मिलीचा, त्यात 1 लाख युनिट असतात, पुढं दर सहा महिन्यांनी 2 लाख, पाच वर्षांपर्यंत एकूण 9 डोस. आणि कणगीतून माल बाहेर काढायला लिव्हरला एक प्रोटीन तयार करावं लागतं, लेकराच्या पोटात डाळ-अंडंच नसेल तर साठा असून रक्तात येत नाही. हे कुणी सांगतच नाही!

शेजारची आजी तर म्हणाली, मग जन्मल्या जन्मल्याच पाजून टाका की. पण नवजात बाळाची कणगी जवळपास रिकामीच असते, वारेतून अ जीवनसत्त्व बेताचंच येतं, ती भरायची ती आईच्या चिकानं, तो पिवळा असतो तो उगाच नाही. आपल्याकडं अजून काही घरांत चीक पिळून टाकतात आन गूळपाणी चाटवतात, डोक्याला हात लावायची पाळी. जन्मल्यावर लगेच 50,000 युनिट देऊन भारत, घाना, टांझानियात हजारो बाळांवर अभ्यास झाला, 2015 ला निकाल आले, बालमृत्यू कमी झाल्याचं ठोस काही दिसलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं तर 2011 लाच नवजातांना देऊ नका म्हणलं होतं. एवढ्या मोठ्या डोसनं काही बाळांची डोक्यावरची टाळू एक-दोन दिवस फुगते, आपोआप उतरते, पण आईचा जीव घाबरा होतो की.

मुकादमाकडं उचल किती दिली त्याचा रुपया-रुपयाचा हिशोब असतो, अन सरकारला माझ्या पुतण्याला एक मिली औषध कधी पाजलं ते सांगता येत नाही? डोसची तारीख आईच्या मोबाईलवर मेसेजनं पाठवा, कारखान्यावरच्या नर्सताईला अन गावातल्या आशाताईला एकच नोंद दिसू द्या. आणि हे दिवाळीच्या आधी करा साहेब, नंतर टोळ्या गाडीत बसलेल्या असतात.

आपला,
एक ऊसतोड कामगाराचा भाऊ