अलॉय बसवण्याआधी हे वाच

दापोली,
२६ मे

प्रिय सुधीर,

काल रात्री फोनवर तू म्हणालास, "गाडी हातात आली की आठवड्याभरात अठरा इंची अलॉय चाकं टाकणार," आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. मी परत फोन लावला नाही. दोन वाक्यांत सांगून संपणारी गोष्ट नाही ही, म्हणून सकाळी पडवीत बसून लिहायला घेतलं.

माझ्या टोयोटा हायरायडरला, म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबर बॅटरीवरची मोटरही असलेल्या हायब्रिड गाडीला, मुळात २१५/६० आर१७ टायर आहेत (२१५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ६० टक्के कडेची उंची, १७ इंची रिम). तू बुक केलेल्या ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिडलाही हेच माप येतं. दिवाळीनंतर मी तुझ्यासारखाच विचार केला आणि २२५/५५ आर१८ बसवून घेतले. गाडी देखणी दिसायला लागली यात शंका नाही. पण तुला माझी वही माहीत आहे. दर वेळी टाकी फुल्ल करायची, किलोमीटर आणि लिटर लिहून ठेवायचे. जुन्या चाकांवर ॲव्हरेज लिटरला २२.४ किलोमीटर पडत होतं. नव्यांवर ते २०.७ वर आलं. तोच रस्ता, तोच मी, खेडच्या स्टेशनापर्यंतच्या त्याच फेऱ्या.

आधी वाटलं, बॅटरीत काही बिघाड आहे. मग कागदावर हिशेब मांडला. जुन्या चाकाचा व्यास ६९० मिलिमीटर, नव्याचा ७०५. मीटर चाकाचे फेरे मोजतो, आणि मोठं चाक तेवढंच अंतर कमी फेऱ्यांत कापतं. म्हणजे गाडी शंभर किलोमीटर धावली तरी मीटर अठ्ठ्याण्णवच दाखवणार. ती दोन टक्के तफावत धरली तर खरं ॲव्हरेज २१.१ च्या आसपास होतं. दुकानदाराने यातलं एक अक्षर सांगितलं नाही, म्हणून तुला सांगतोय. काटा तेवढाच दिसला तरी वेगही आधीपेक्षा थोडा जास्त असतो, हेही लक्षात ठेव.

उरलेली सव्वा किलोमीटरची घट मात्र खरी होती. टायर रस्त्याला टेकतो तिथे दबतो, पुढे गेला की पुन्हा गोल होतो, आणि दर फेऱ्याला या दबण्या-उठण्यात रबर तापतं. ही उष्णता पेट्रोलमधूनच येते. रुंद, जाड, कडेला दणकट असलेला टायर यात जास्त खातो. रबराची ही ओढ दहा टक्के कमी केली तर साधारण एक ते दोन टक्के पेट्रोल वाचतं, असा ढोबळ हिशेब आहे. उलट दिशेलाही तो तसाच चालतो. माझे नवे टायर जाड खाचांचे होते, जुने बरेच झिजलेले. झिजलेला टायर हलका धावतो, तेव्हा थोडा फरक त्याचाही असणार.

आता आपल्या गाडीचं वेगळेपण बघ. आसूदच्या उतारावरून हर्णैकडे जाताना मी ब्रेकवर नुसता पाय ठेवतो आणि बॅटरीचा काटा चढताना दिसतो. म्हणजे चढताना वजनापायी घातलेलं पेट्रोल उतरताना थोडंफार परत मिळतं. जड चाक फिरवायला लागलेली ताकदही ब्रेक लावताना काही प्रमाणात परत येते, म्हणून वजनाचा भुर्दंड हायब्रिडला साध्या गाडीपेक्षा कमी पडतो. पण रबरात तापून गेलेलं परत येत नाही. तिथे मोटर काही करू शकत नाही. शिवाय या बॅटरीत जेमतेम पाऊण युनिट वीज मावते. ताम्हिणीसारख्या लांब उतारावर ती भरून जाते आणि मग इंजिनच गाडी आवरतं.

आणि आपले रस्ते! इकडे चाळीस-पन्नासच्या वर काटा फारसा जात नाही. महामार्गावर शंभरने जाताना पेट्रोल मुख्यतः वाऱ्याशी झगडण्यात जातं. इथल्या वेगात वारा फारसा आड येत नाही, टायरची ओढच मोठी ठरते. ती वाढली की इंजिन लवकर जागं होतं, नुसतं विजेवर सरकणं कमी होतं. मला हे रोज जाणवत होतं.

मार्चमध्ये जुनी चाकं पडवीतून काढून परत चढवली. तीन टाक्यांची सरासरी २२.३ आली. अलॉय विकून टाकले.

पण केवळ ॲव्हरेजसाठी टणक, घसरडा टायर घेऊ नकोस, हे तुला हात जोडून सांगतो. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जांभ्याचा लाल चिखल डांबरावर येतो. १९९०च्या दशकापासून टायरच्या रबरात काजळीऐवजी बरंच सिलिका (वाळूत असतं ते द्रव्य) घालायला लागले, त्यामुळे कमी ओढ आणि ओल्या रस्त्यावरची पकड आता एकाच टायरात मिळते. तसाच टायर मागून घे. युरोपातल्या टायरच्या लेबलवर इंधन आणि ओली पकड यांना ए (सगळ्यात चांगलं) ते ई अशी वेगवेगळी अक्षरं असतात, ती दोन्ही बघ. कायदा १.६ मिलिमीटर खाचेपर्यंत टायर चालवू देतो. मी कोकणात तीनवरच बदलतो. या आठवड्यात, पाऊस यायच्या आत, मूळ मापाचे नवे चार घालणार आहे. सुरुवातीला ॲव्हरेज थोडं खाली येईल, तेवढं मला मान्य आहे.

हवा मात्र दर पंधरा दिवसांनी, पहाटे, गाडी थंड असताना तपास. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आकडा असतो. चारही टायरांत हवा १ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) कमी झाली की सरासरी ०.२ टक्के पेट्रोल जास्त जातं. आकडा लहान वाटतो, पण आपण सहा-सात पीएसआय कमी असतानाही बिनधास्त हिंडतो, आणि टायरच्या कडा आधी झिजतात. पंक्चरवाल्याच्या गेजवर, म्हणजे हवा मोजायच्या यंत्रावर, विसंबू नकोस. माझ्या बाजारपेठेतल्या दोन दुकानांच्या गेजमध्ये तीन पीएसआयचा फरक निघाला.

गाडी आली की पहिला प्रवास इकडेच कर. रायवळ आंबे अजून पंधरा दिवस असतील. तुझ्यासाठी एक चांगला गेज घेऊन ठेवला आहे. काकूंना नमस्कार सांग, वहिनींनाही.

तुझा,
अनंत