डोळा बरा झाला तरी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोलता बोलता तू म्हणालीस, "आठवडाभर डावा डोळा धूसर होता, फिरवला की दुखायचा, आता बराय." आणि लगेच परीक्षेचं सांगायला लागलीस. मी गप्प बसले, पण रात्रभर झोप नव्हती. फोनवर विषय काढला तर "आई, उगाच घाबरतेस" म्हणून थांबवशील, म्हणून लिहितेय. बोटांत पेन टिकत नाही, अक्षर लावून वाच.

माझा आजार, मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएस, 2010 सालचा, असं घरात सगळे धरून चालतात. खरं तर तो पाच वर्षं आधीच आला होता. 26 जुलै 2005 ला मी कुर्ल्यापासून कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी आले. पंधरा दिवसांनी उजवा पाय गुडघ्यापर्यंत बधिर झाला. सगळे म्हणाले, पाण्यात चाललीस, गारठा बसला. मलाही पटलं. तीन आठवड्यांत पाय पूर्ववत झाला.

2007 मध्ये डोळा. अगदी तू सांगितलास तसा. परळच्या बसस्टॉपवर एकदा डावा डोळा चोळत होते, तेव्हा उजव्या डोळ्याला बेस्टची लाल बस विटकी दिसली, धुऊन धुऊन रंग गेलेल्या साडीसारखी. डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर बदलून दिला. दीड महिन्यात डोळा सुधारला आणि मी तो विसरले.

मग बारीकसारीक गोष्टी. विळीवर नारळ खवताना मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत करंट जायचा. छातीखाली परकराची नाडी कुणी करकचून आवळल्यासारखं वाटायचं. एका दिवाळीत कढत पाण्याने अभ्यंगस्नान केलं आणि मोरीतून उठताच येईना. उष्णतेने जुनं दुखणं तेवढ्यापुरतं वर येतं, हे मला नंतर कळलं. लोकलमध्ये चढण्याआधी बाथरूम कुठे आहे ते बघून ठेवायचे, कारण लागली की धरवत नसे. हे मी तुझ्या बाबांनाही सांगितलं नव्हतं. शेवटी दादरच्या पुलावर पायातली चप्पल निघून गेली आणि मला कळलंच नाही. मागून येणाऱ्या बाईंनी हाक मारली. त्यानंतर न्यूरोलॉजिस्ट आणि एमआरआय.

मला चार दुखणी आठवत होती, एमआरआयमध्ये नऊ व्रण होते. हे नीट वाच. आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिन नावाचं आवरण खाते. निरोप अडखळतो. सूज ओसरली की तो पुन्हा जायला लागतो आणि आपण म्हणतो, बरं वाटलं. व्रण तिथेच राहतो. काही व्रण तर आपल्याला चाहूलही न देता होतात.

औषध सुरू झालं तेव्हा दर आठवड्याला मांडीत इंजेक्शन असायचं, त्या रात्री हुडहुडी भरून ताप. त्याने अटॅक कमी झाले. 2018 पासून तर एकही नाही. मावशी म्हणते आजार थांबला. नाही गं. तेव्हा तीन जिने एका दमात चढायचे, मग दुसऱ्या मजल्यावर टेकायला लागले, आता काठी आहे आणि आठवड्यातून एकदाच खाली उतरते. आधी अटॅक यायचा आणि जायचा, आता न येता-जाता हळूहळू ढासळतंय. बहुतेकांचं, शंभरात पंच्याऐंशी जणांचं, माझ्यासारखं येत-जात सुरू होतं, थोड्यांचं सुरुवातीपासूनच ढासळत जातं. सगळ्यांची गत माझ्यासारखी होते असंही नाही. आता माझ्या वेळेपेक्षा खूप जोरकस औषधं आहेत. पण ती पुढचं नुकसान अडवतात, झालेलं भरून देत नाहीत. माझी ती पाच वर्षं गेली, त्याची हळहळ मला रोज जिन्यात होते.

तुला हाच आजार आहे असं मी म्हणत नाही. आईला एमएस असला तरी शंभरातल्या सत्त्याण्णवांहून जास्त मुलांना तो होत नाही. पण डोळ्याच्या अशा दुखण्यानंतर पंधरा वर्षांत निम्म्या लोकांना एमएस झाल्याचं अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत दिसलं. ज्यांचा पहिला एमआरआय स्वच्छ होता, त्यांच्यात मात्र चौघांत एकालाच. म्हणून एमआरआय हवा, आणि डोळा बरा झालाय म्हणून तो टाळायचा नाही.

शनिवारी बाबा पुण्याला येतायत. त्यांच्याकडे माझी निळी फाईल देतेय, पहिल्या रिपोर्टसकट. न्यूरोलॉजिस्टची वेळ घेतली आहे, सोमवारची. तुझा पेपर बुधवारी आहे, मी बघितलंय. डॉक्टरांना हातचं राखून काही सांगू नकोस, लघवीचंसुद्धा.

आणि हे वाचून झालं की तुझी ती लाल ओढणी काढ. आधी एक डोळा झाक, मग दुसरा. दोन्हींना लाल सारखाच दिसतो का, ते आज रात्रीच फोन करून सांग. मी जागी आहे.

तुझी,
आई