यादीत नाव नाही म्हणून

प्रिय नीलम,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. हुशार मुलांच्या खास वर्गाबद्दल शाळेनं "तुमची मुलगी यादीत बसत नाही" एवढंच कळवलं आणि तू काही न विचारता परत आलीस, हे वाचून राहवलं नाही. अगं, गेल्या वर्षी आम्हालाही अगदी हेच ऐकवलं होतं.

आमच्या अर्णवच्या वर्गात सगळ्यांची एकत्र चाळणी परीक्षा झाली. घड्याळ लावून. बारा गणितांपैकी त्यानं चारच सोडवली. वर्गशिक्षिकेनं कागद समोर ठेवला तेव्हा माझा चेहरा पडला. मग पाचव्या गणिताशेजारी पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं, "याची दोन उत्तरं येतात." खाली दोन्ही काढून दाखवलेली, आणि दोन्ही बरोबर! त्यातच त्याचा वेळ संपला होता. त्या ओळीला गुण नव्हते.

म्हणून पहिली गोष्ट, लेखी अर्ज दे. तोंडी बोलणं हवेत विरतं. कोणती चाचणी घेतली, सामूहिक की वैयक्तिक, किती गुणांवर रेघ मारली, फेरविचार कसा मागायचा, हे विचार. तिनं स्वतःहून केलेल्या कामाचे चार-पाच नमुने तारखा घालून जोड.

वैयक्तिक चाचणी झालीच, तर एका आकड्यावर विसंबू नकोस. आमच्याकडे वेक्सलर ही बुद्धिमत्ता चाचणी घेतली. तिची सरासरी १०० असते आणि १३० च्या वर साधारण दोन टक्केच मुलं जातात. अर्णवचा एकूण बुद्ध्यांक आला १२६. शाळेची रेघ १३० ला, विषय संपला! पण आतल्या तक्त्यात भाषिक आकलन १३८ आणि कामाचा वेग ९४ होता. म्हणजे विचार पुढे धावतो आणि हात मागे राहतो. अशा वेळी 'सामान्य क्षमता निर्देशांक' काढून मागता येतो. त्यात वेग आणि कार्यकारी स्मृती (माहिती डोक्यात धरून त्यावर काम करणं) धरत नाहीत. मानसशास्त्रज्ञांनी तो काढून दिला आणि मगच शाळा पुन्हा बोलायला बसली. मुलीला उत्तरं घोकवून मात्र नेऊ नकोस. तीच चाचणी लगेच पुन्हा घेऊन वाढलेले गुणही खरे मानत नाहीत.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये असामान्य बुद्धीच्या मुलांचा मोठा अभ्यास सुरू केला. त्यात चाचणी देऊनही निवड न झालेल्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ होते. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ साली. बैठकीच्या आदल्या रात्री मला याचा फार आधार वाटला होता.

नाव यादीत आल्यावर खरं काम सुरू होतं, नीलम. सुरुवातीला अर्णवला आठवड्यातून एक तास वेगळ्या वर्गात नेत आणि उरलेले दिवस तीच गणितं, वर "हुशार आहेस ना" म्हणून दुप्पट गृहपाठ. रात्री वहीवर डोकं टेकून रडायचा पोरगा. मला त्याचा अजून राग येतो. ज्याला येतंय त्यालाच जास्त घोटायला लावणं ही मदत नव्हे. आम्ही मागितलं ते असं: धड्याआधी छोटी परीक्षा घ्या, जे येतं ते वगळा आणि गणिताला त्याला वरच्या वर्गात बसू द्या. त्याचबरोबर लिहायला जादा वेळही द्या. "एवढा हुशार तर जादा वेळ कशाला?" असं विचारलं गेलं. एकाच मुलाला दोन्ही लागू शकतं, हे तीन बैठकांत पटलं.

आता तो गणिताला वरच्या वर्गात जातो. तिथे त्याला पहिल्यांदा एक उदाहरण आलं नाही. घरी आल्या आल्या दप्तरही न ठेवता सांगत होता, "आई, आज मला अडलं!" चेहरा असा फुललेला.

अर्ज पाठवण्याआधी मला दाखव. अहवाल आला तर शेवटचं पान नको, आतला तक्ता पाठव. बैठकीला एकटी जाऊ नकोस, भाऊजींना घेऊन जा आणि एकानं तरी लिहून घ्या. आदल्या रात्री फोन कर, कितीही वाजले तरी.

तुझी,
माधवी