मिठाचा मोदक

सांगली, गावभाग
अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार

चि. मंदार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

या पत्रात तुझ्या ब्लडप्रेशरच्या गोळीचा विषय काढायचा नाही असं आईनं बजावलंय. ती समोरच शेंगा सोलत बसलीय आणि मधून मधून माझ्या हाताकडं बघतेय. तेव्हा आधी बाकीचं लिहितो.

तुम्ही गेलात त्या संध्याकाळी घर खायला उठलं. मखर सोडून माळ्यावर टाकलं, चौरंग पुसून ठेवला. ओवीचा एक मोजा सोफ्याखाली सापडला, दुसरा तिच्या पायात पुण्याला गेला असेल. दुसऱ्या दिवशी आईनं गाद्यांना ऊन दाखवायला काढलं आणि तुझ्या उशीच्या अभ्र्यातून ती स्ट्रिप खाली पडली. दहातल्या दोन फोडलेल्या. दुकानाचं बिलही तिलाच गुंडाळलेलं, जुलैमधलं. हे मी गोळीबद्दल लिहीत नाही, अभ्र्याबद्दल लिहितोय. अभ्रा आईनं धुवून ठेवलाय.

मोदकाचं मात्र बोलायलाच हवं. पंगतीत मिठाचा मोदक तुझ्या पानात पडला हे मला वाढतानाच दिसलं होतं. आईनं यंदा शेंड्याला उलटा पीळ देऊन खूण केली होती. तू तो उचललास, अख्खा तोंडात टाकलास, चावून गिळलास. भुवईसुद्धा हलली नाही. वर म्हणालास, "आई, आणखी एक वाढ." मला वाटलं, जिंकला पठ्ठ्या! हुबेहूब आप्पा आजोबा. तेवढ्यात केतकी ताटावरून अर्धी उठली आणि ओरडली, "मंदार, थुंक ते!" मोदक वळायला तीच आईच्या हाताखाली होती, तिला खूण कशी कळणार नाही? पंगत गप्प झाली. ओवी तेवढी टाळ्या वाजवत होती, तिला वाटलं हाही खेळातलाच भाग.

पोर बिचारी नंतर स्वयंपाकघरात रडली. सासरच्या खेळाचा विचका केला म्हणून रडत होती, आधी तेच सांगत होती. मग आईनं पाठीवरून हात फिरवला आणि सगळं बाहेर आलं. कंपनीतली तपासणी, १६४ वर १०२, डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी, आणि ती तू "डोकं दुखेल तेव्हा" घेतोस ते. केतकीला यावरून एक अक्षर बोलायचं नाही. ताईलाही नाही. ताईला आधीपासून माहीत होतं, हे मला परवा तिच्या नाशिकच्या फोनवर कळलं. तुम्हा दोघांचे कट लहानपणापासूनचेच आहेत, मला नवल नाही.

जाताना गाडीत बसता बसता ओवीनं विचारलं होतं, आजोबा, हा खेळ कुणी काढला? तेव्हा गडबडीत सांगायचं राहिलं. आता तिला वाचून दाखव.

तू पहिलीत होतास. चतुर्थीच्या आधीच आपल्या गणपतीच्या देवळात चोर गणपती येऊन बसतो, ना वाजंत्री ना मिरवणूक, हे आप्पांनी तुम्हा दोघांना सांगितलं. तू विचारलंस, "मग त्याला पोलीस का धरत नाहीत?" आप्पा म्हणाले, "धरायला जातात, पण तो त्यांनाही मोदक देतो." झालं. त्या रात्री तू आणि ताईनं नैवेद्याचे पाच मोदक पळवले आणि लपवायला जागा कुठली शोधलीत, तर माझी दुकानातली पिशवी. सौद्याच्या नमुन्याची हळद असायची तिच्यात. सकाळी मोदक पिवळेजर्द आणि तुमची दोघांची बोटंही. आजीनं हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी तळणीचे मोदक केले, त्यातल्या एकात खोबऱ्याऐवजी मीठ भरलं आणि पंगतीत जाहीर केलं: ज्याला तो लागेल त्यानं तोंड वाकडं न करता खायचा. पकडला गेला तर सगळ्यांसमोर उखाणा घ्यायचा, मग तो बाप्या असो नाहीतर पोर.

पहिल्याच वर्षी तू पकडला गेलास. डोळ्यांत पाणी, गाल फुगलेले, आणि उखाणा कुणाच्या नावाचा घ्यायचा म्हणून गहन प्रश्न पडलेला. शेवटी हरिपूरच्या मावशीच्या म्हशीचं नाव घेतलंस.

"हरिपूरच्या पेवात हळदीची रास,
चंद्रीचं नाव घेतो गोठ्यात खास."

आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुढं कितीतरी वर्षं तुझं लग्न ठरवायची वेळ आली की मावशी म्हणायची, "याचं तर चंद्रीशी झालंय की." केतकीला हे माहीत आहे ना? नसेल तर सांगून टाक. तिच्या मनावरचं ओझं उतरेल, आणि चार घटका हसेल तरी.

हळदीवरून आठवलं. ताईच्या डोक्यात नाटकाचं खूळ शिरलं होतं तो मे महिना. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक उभं केलं, हे तिच्या बाईंनी वर्गात सांगितलं, आणि ताईनं ठरवलं की सांगलीकराच्या घरात दर सुट्टीत नाटक झालंच पाहिजे. आत्याची नऊवारी म्हणजे पडदा. मी झाड. मला संवाद नव्हता, फक्त दोन्ही हात वर करून उभं राहायचं होतं. तू राक्षस. रंग कुठून आणणार, म्हणून माझ्या पिशवीतली राजापुरी हळद तेलात कालवून तोंडाला फासलीस. नाटक वीस मिनिटांत संपलं, राक्षस मात्र आठवडाभर पिवळा राहिला. आईनं डाळीचं पीठ लावलं, दही लावलं, काही उपयोग झाला नाही. त्यात आत्याच्या नणंदेचं लग्न आलं. तिथं एक बाई कौतुकानं म्हणाल्या, "नवरदेव किती लहान आहे हो!" तो फोटो अजून कपाटात आहे, मागं ताईनं पेन्सिलनं 'राक्षस' लिहून ठेवलंय.

तासगावच्या गणपतीच्या रथाची गंमतही ओवीला सांग. ऋषिपंचमीला आपण सगळे गेलो होतो, तू माझ्या खांद्यावर. रथाच्या दोराला हात लावायचाच म्हणून हटून बसलास. दोराला हात लागला, पण चपला गेल्या. एक तुझी आणि एक माझी. येताना एसटीत एकेका पायानं उभे होतो दोघं.

आता आप्पांबद्दल. हे ओवीला वाचून दाखवू नकोस.

पानात डावीकडं मीठ वाढतात, ते बाकीच्यांच्या पानात बहुतेक तसंच राहतं. आप्पांच्या पानातलं जेवण उरकेपर्यंत संपलेलं असायचं. लोणच्याची फोड वेगळी, भाजलेला पापड वेगळा. आजी बोलली तर म्हणायचे, "कृष्णाकाठच्या माणसाला मीठ बाधत नाही." मिठाच्या मोदकाचे तर ते राजे होते. दोनदा त्यांच्या पानात गेला, दोन्ही वेळा कुणाला पत्ता लागला नाही, मुखशुद्धी झाल्यावर स्वतःच सांगून आजीकडून रुपया घेतला. तसलीच गोळी त्यांनाही होती. चार महिने घेतली, बरं वाटायला लागलं आणि सोडून दिली. मला काही होत नाही, मग गोळी कशाची? हे त्यांचं वाक्य. तू परवा फोनवर जे बोललास तेही जवळपास हेच होतं. आवाजही तोच. मी फोन आईच्या हातात दिला तो त्यामुळं.

उजव्या हाताला मुंग्या येत होत्या हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी आरतीचं तबक उचलायला गेले आणि हात वर आलाच नाही. तबक खाली पडलं तेव्हाही त्यांचा चेहरा सरळच होता रे. निदान आधी तसा होता. तू आठवीत होतास, तुला दवाखान्यात नेलं नव्हतं. आपल्या घरातल्या पुरुषांना चेहरा सरळ ठेवायची भारी हौस आहे. पंगतीत ठीक आहे ते.

आईनं बघितलं. शेंगांचं सूप बाजूला ठेवलंय. लिहू दे म्हणाली.

तर ऐक. ब्लडप्रेशर दुखत नाही, हीच त्याची लबाडी आहे. डोकं दुखेल तेव्हा घ्यायची ती गोळी वेगळी, ही वेगळी. ही बरं वाटत असतानाच घ्यायची असते. आकडा खाली राहतो तो तिच्यामुळं. बंद करायची की कमी करायची हे डॉक्टर ठरवतील, तू नाही आणि तुझ्या मोबाईलमधला तो पावलं मोजणाराही नाही. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभरही नाही, आणि त्यात पाव, फरसाण, लोणचं, पापड सगळं आलं. तुझ्या कॅन्टीनमधल्या सँडविचमध्ये किती असतं ते तूच बघ, इंजिनिअर आहेस.

झालं सुरू माझं. आईनं उगाच बजावलं नव्हतं. रागावू नकोस. एकदा सांगून गप्प बसणाऱ्यातला तुझा बाप नाही, आणि हे तुला नवीन नाही.

हरिपूरच्या पेवांचं तुला आठवतं का रे? मार्केट यार्डातल्या अडत दुकानात माझा जन्म हिशेब लिहिण्यात गेला, पण सुट्टीच्या दिवशी तुला घेऊन पेवांवर जायचो. माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत ऐसपैस, जमिनीच्या पोटात ठेवलेली हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. तू तोंडाशी पालथा पडून आत हाका मारायचास. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून सोडायचा. कंदील जळत राहिला तर उतरायचं, विझला तर थांबायचं. आत डोळ्यांना काही दिसत नाही, नाकाला वास येत नाही, माणूस उतरतो आणि बसल्या जागी बसतो. हे पाहिलेले हमाल होते तिथं, ते तुला मागं ओढायचे. मंदार, तुझे ते १६४ म्हणजे विझलेला कंदील आहे. बाकी तू शहाणा आहेस.

२००५ च्या पुरात त्या पेवांची पार वाट लागली. आणि २०१९ तर तू पाहिलंसच. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्याही वर. आपण विश्रामबागेत आत्याच्या माडीवर, एका खोलीत चौदा माणसं. माझा वाढदिवस त्यातच आला. ताईनं मदतीत आलेल्या बिस्किटाच्या पुड्यात मेणबत्ती खोचली, लाइट नव्हतेच त्यामुळं मेणबत्ती विझवायला कुणी तयार होईना. मग तिच्याच उजेडात झब्बू खेळलो. तू एक्के मांडीखाली लपवत होतास. मला दिसत होतं, पण वाढदिवस माझा होता, मी काय बोलणार?

पाणी ओसरल्यावर पुन्हा रजा टाकून आलास आणि गुडघाभर चिखल फावड्यानं ओढलास. गल्लीतली माणसं अजून नाव काढतात. परवा दूधवाला म्हणाला, "तुमचा पोरगा साहेब आहे असं वाटलं नव्हतं." मी काही बोललो नाही, पण दूध अर्धा लिटर जास्त घेतलं. त्या वर्षी गणपती २ सप्टेंबरला होते, भिंतींची ओल सुटली नव्हती, तरी बसवला. डब्यातलं मीठ पुरात विरघळून गेलेलं, म्हणून आईनं मोदकासाठी खास पुडा आणवला. तेव्हा तुझ्या अंगात ताप होता आणि विचारलं तर काही होत नाही म्हणत होतास, हेही मला आठवतं.

खेळ बंद करायचा नाही, असं आमचं दोघांचं ठरलंय. पुढच्या वर्षी मिठाऐवजी ब्याडगी मिरचीची पूड. ओवीचा मोदक मात्र आम्ही वेगळा ठेवणार, तिच्या आईला तसं सांग. खूण काय करायची ते केतकीनं ठरवायचं, आता तो मान तिचा.

मी इथं एक मशीन घेतलंय, दंडाला पट्टा बांधायचं. माझं १३२ वर ८४ आलं. आईनं आपलं मोजून घ्यायला नकार दिला, तेव्हा तू फोन करशील तेव्हा तिलाही दोन शब्द सुनाव. तुझे आकडे दर रविवारी सकाळी फोनवर सांगायचे, वरचा आणि खालचा दोन्ही. मी वहीत लिहीन. तोंडाला येईल ते ठोकून देशील म्हणून केतकीलाही विचारणार आहे.

तुझा,
बाबा

ता. क. मंगळवारच्या रात्रीच्या एसटीनं पार्सल पाठवतोय. बेदाणे आहेत, ओवीचा मोजा आहे आणि भडंग आहे. भडंग आईनं घरी केलंय, लसूण जास्त, मीठ नावाला. पहिल्या घासाला बेचव लागेल, मला लागलं. एसटी सकाळी स्वारगेटला येते. केतकीला पाठवू नकोस, तूच जा. सहकारनगरपासून काही लांब नाही, गाडी काढू नकोस, चालत जा.