फुलं खोचायला दोन तास कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपल्या सदरलेखकांनी आमच्या पुष्परचना मंडळाच्या ऋतुप्रात्यक्षिकाची चार ओळींत टोपी उडवली. ‘फुलं भांड्यात खोचायला दोन तास कशाला लागतात, आणि ते बघायला शंभर माणसं कशाला लागतात?’ असा त्यांचा सवाल आहे. सवाल बरोबर आहे. सात वर्षांपूर्वी मीही तोच विचारला होता, फक्त सौ. आतल्या खोलीत असताना आणि हळू आवाजात.

आधी सांगून टाकतो, मी मंडळाचा सभासद नाही. सभासद आमच्या सौ. मी बादल्या उचलतो. एकतीस वर्षं दाबमापकं आणि वजनकाटे दुरुस्त करण्यात गेली. निवृत्तीनंतर रिकामा दिसलो म्हणून मला गाडी चालवायला आणि पाणी भरायला नेलं, तेव्हापासून वर्षातल्या चारही संध्याकाळी मी पडद्यामागे असतो. तेव्हा हे पत्र फुलांच्या शौकिनाचं नाही, हमालाचं आहे असं समजून वाचावं.

दोन तासांचा हिशेब मागितलाय, पण खरा हिशेब आदल्या संध्याकाळपासून सुरू होतो. फुलं आली की खालची पानं काढायची, म्हणजे पाण्यात बुडेल तिथे एकही पान उरता कामा नये. बुडालेलं पान कुजतं, जंतू वाढतात आणि त्यांनी देठाच्या बारीक नळ्या तुंबतात. मग देठाचं टोक पाण्याखाली धरून तिरकं कापायचं. हवेत कापलं तर त्या नळ्यांत हवा शिरते आणि पाण्याची वाट अडते. हे मला एका झटक्यात समजलं, कारण तेलाच्या नळीत हवा अडकली की ब्रेक लागत नाही हे मी आयुष्यभर बघत आलोय. त्यानंतर रात्रभर खोल बादलीत, अंधाऱ्या आणि गार जागी. मंडळात याला ‘फुलांना पाणी पाजणं’ म्हणतात. माझ्या मोजणीने एका प्रात्यक्षिकाला अकरा ते चौदा बादल्या लागतात.

या कामात मी केलेल्या चुकांची यादी मोठी आहे. पहिल्याच वर्षी कुणीतरी मला लाकडासारख्या टणक फांद्या दिल्या आणि सांगितलं, टोकं ठेचा म्हणजे पाणी जास्त ओढतील. माझ्या हातात हातोडी दिल्यावर मी काय मागे राहतो? सगळ्या फांद्यांची टोकं चपटी करून टाकली. प्रात्यक्षिक करणाऱ्या बाईंनी ती बघितली आणि दोन सेकंद डोळे मिटले. जुन्या पुस्तकांत तसंच लिहिलेलं असतं म्हणे, पण ठेचलेल्या टोकाच्या नळ्या चेपतात आणि तो चेंदा आधी कुजायला लागतो. धारदार कात्रीने तिरका काप द्यायचा आणि वाटलंच तर खालून इंचभर उभी चीर. बस्स. हातोडी तेव्हापासून गाडीतच राहते.

दुसरी चूक ग्लॅडिओलसची. थंडीच्या संध्याकाळसाठी आणलेली दोन डझन ग्लॅडिओलस मी मागच्या सीटवर आडवी ठेवली आणि रात्री आत न्यायला विसरलो. सकाळी बघतो तर प्रत्येक दांड्याचं टोक वर वळलेलं, छत्रीची मूठ असते तसं. सौ. काय म्हणाल्या ते छापण्यासारखं नाही. पण त्या संध्याकाळी बाईंनी तेच वाकडे दांडे हातात घेतले आणि श्रोत्यांना दाखवले. तोडल्यावरही फूल वाढायचं थांबत नाही. दांडा आडवा पडला की कोवळं टोक जमिनीपासून दूर, वर जाऊ बघतं, म्हणून ही फुलं नेहमी उभी न्यायची. मग त्यांनी त्या बाकाचीच रेषा धरून रचना केली. सगळ्या टोकांचा बाक एकाच दिशेला, वारा लागल्यासारखा. वरच्या दोन-तीन बंद कळ्या चिमटीने खुडल्या, म्हणजे खालच्या कळ्या नीट उमलतात. माझी चूक आहे हे त्यांनी सांगितलं नाही. सौ.नी सांगितलं.

आता बघण्यासारखं काय असतं, ते. आपल्या छायाचित्रात तयार रचना दिसते आणि तिच्याशेजारी हार घातलेले पाहुणे. पण जरा विचार करा, प्रात्यक्षिक करणारी व्यक्ती टेबलाच्या मागे उभी असते आणि रचनेचं तोंड श्रोत्यांकडे असतं. म्हणजे तिला स्वतःला फक्त रचनेची पाठ दिसते. समोरून कसं दिसेल हे मनात धरून, पाठीमागून हात पुढे घालून, आणि वर बोलत बोलत ती फूल लावते. मी घड्याळाचं काम आरशात बघून करून पाहिलंय. पाच मिनिटांत घाम फुटतो. इथे हे दोन तास चालतं आणि चार-पाच रचना होतात.

गेल्या उन्हाळ्याची संध्याकाळ मला विशेष आठवते. उन्हाळ्यात फुलं कमी आणि लवकर मान टाकणारी, म्हणून त्या वेळी मंडळ बहुधा इकेबाना ठेवतं: थोड्या फांद्या, दोन-चार फुलं आणि बरीचशी मोकळी जागा. जपानात ही कला फार जुनी. क्योतोच्या रोक्काकुदो देवळातल्या इकेनोबो सेंकेई यांच्या पुष्परचनेची नोंद १४६२ सालची आहे. पण त्या दिवशी बाई दाखवत होत्या ती शैली अलीकडची, सोगेत्सु, १९२७ मध्ये सोफू तेशिगाहारा यांनी सुरू केलेली. मला ती आवडते कारण तिच्यात माप आहे. भांड्याची रुंदी अधिक उंची, त्याची दीडपट ते दुप्पट लांबी म्हणजे मुख्य फांदी, शिन. तिच्या पाऊणपट सोए. तिसरी हिकाए, सोएच्या पाऊणपट किंवा निम्मी. उभ्या रचनेत पहिली सरळ रेषेपासून सुमारे १५ अंश कललेली, दुसरी ४५, तिसरी ७५. भांडं ३० सेंटिमीटर रुंद आणि ६ खोल, म्हणजे शिन ५४ आणि सोए ४०. मी वहीत लिहून घेतलं होतं.

बाईंनी ५४ची फांदी पिनहोल्डरवर, म्हणजे भांड्यात ठेवायच्या उभ्या खिळ्यांच्या जड चकतीवर, रोवली आणि कलवायला गेल्या तर कट्ट आवाज झाला. तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू आला. फांदी खालून मोडली. हॉलमध्ये कुणी श्वाससुद्धा घेईना. बाई म्हणाल्या, “चुकलं माझं. आधी सरळ रोवायची, पक्की बसली की मगच कलवायची. मी रोवता रोवताच कलवली.” मग त्यांनी मोडका तुकडा काढला, उरलेल्या फांदीला नवा काप दिला आणि ती पट्टीवर ठेवली. जेमतेम ४० भरली. त्या हसल्या. “ही आता सोए.” सोएसाठी बाजूला ठेवलेली फांदी अजून कापलेली नव्हती, ती ५४वर कापून शिन केली, आणि तिरक्या रचनेत जसं असतं तसं दोघींचे कोन बदलले, शिन ४५वर झुकली आणि सोए १५वर उभी राहिली. मला वाटतं तीन मिनिटं लागली असतील. तयार रचनेचा फोटो बघून हे कुणालाही कळणार नाही. उलट, मुळातच तिरकी ठरवली होती असं वाटेल.

यासाठी मी जातो, संपादकसाहेब. वजनकाटा उघडताना दोन नवी पोरं बाजूला उभी करायचो, तेव्हा त्यांना नीट चाललेल्या कामातून काही कळायचं नाही. स्प्रिंग उडून टेबलाखाली गेली की मग शिकायची.

प्रश्नोत्तरांतही मजा असते. एका आजींचे कार्नेशन दोन दिवसांत मिटायचे. पाणी बदललं, भांडं बदललं, त्यात गोळी टाकली, नाणं टाकलं. शेवटी निघालं काय, तर शेजारी पिकलेल्या फळांची टोपली. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो आणि कार्नेशनला तो अजिबात सोसत नाही. आजींनी टोपली हलवली आणि पुढच्या वेळी मुद्दाम येऊन सांगून गेल्या, नऊ दिवस टिकली! आणि साखरेचं म्हणाल, तर नुसती साखर घातली की फुलाच्या आधी जंतूच जेवतात. विकतच्या पुडीत साखरेबरोबर आम्ल आणि जंतुनाशकही असतं, म्हणून ती चालते.

मंडळाचं सगळंच गोड आहे असं नाही. स्वागतपर भाषण अठरा मिनिटांचं होतं, मी लावून पाहिलंय. चिठ्ठ्या काढून रचना वाटतात तेव्हा पहिल्या रांगेतल्यांनाच कशा लागतात, हे कोडं मला सुटलेलं नाही. आणि हिरव्या फोमवरून दोन सभा अशा झाल्या की त्यानंतर काही जणी एकमेकींशी आठवडाभर बोलत नव्हत्या.

फोमचं सांगतो, कारण लेखकमहाशयांनी ‘पर्यावरणाचा विचार कुठे?’ असंही एक बोट घातलंय. तो भिजवायचा हिरवा ठोकळा १९५४ सालचा, अमेरिकेतल्या व्हर्नन स्मिदर्स यांचा शोध. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून बनवलेलं प्लॅस्टिकच ते. फूल हव्या त्या कोनात बसतं, पाणीही धरून ठेवतो, सोय मोठी आहे हे कबूल. पण एका पावसाळ्यात मी फोम धुतलेलं पाणी सहज जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं. फडक्यावर हिरवी पूड उरली, बोटावर घेतली तर पीठ. हे मातीत मिसळून जात नाही, कुजत नाही, नुसतं बारीक होत राहतं. मी ते फडकं तसंच सभेत नेलं. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१पासून आपल्या प्रदर्शनांत फोमला मनाई केली, हेही एकीने तिथे सांगितलं. विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं: खाली झुकणारी मोठी रचना फोमशिवाय करून दाखवा. गेले तीन ऋतू आम्ही दाखवतोय. तारेची जाळी चुरगळून भांड्यात बसवायची, म्हणजे एकावर एक तीन-चार थर होतात आणि देठ त्यांत अडकतो. उथळ भांड्याला पिनहोल्डर, खाली पुट्टी, पण पुट्टी कोरड्या भांड्यावरच धरते. ओल्यावर लावली की सगळा डोलारा श्रोत्यांसमोर सरकतो. तेही एकदा झालंय, तेही माझ्याच कृपेने. जाळीची टोकं कानशीने घासून बोथट करण्याचं खातं सध्या माझ्याकडे आहे. एकतीस वर्षांच्या नोकरीत जेवढं कौतुक झालं नाही तेवढं त्या जाळ्यांचं होतं.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी वार्ताहर पाठवलात तर सत्कार उरकल्यावर निघून जाऊ देऊ नका. पाहुण्यांचा फोटो नको. मधल्या अर्ध्या तासात बाईंच्या हातांचा घ्या. आणि प्रात्यक्षिकाची तारीख होऊन गेल्यावर छापण्यापेक्षा दोन दिवस आधी छापा, लोक येतात तरी.

लेखकमहाशयांना स्वतंत्र आमंत्रण. पुढची संध्याकाळ थंडीची, विषय शेवंती. शेवंतीला कात्री लावू नये, पाण्याखाली हाताने मोडावी, ती जास्त टिकते, अशी जपानी पद्धत आहे, आणि त्यावरून आमच्याकडे सरळ दोन तट पडलेत. आमच्या सौ. कात्रीच्या बाजूच्या. मी उघडपणे कुठल्याच नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मागच्या दाराने या. दोन बादल्या वेगळ्या ठेवतो, प्रत्येकीत बारा देठ, पाणी सारखं मोजलेलं: एकीतले कापलेले, दुसरीतले मोडलेले. कोणत्या बादलीने आधी मान टाकली याची रोजची नोंद आपण ठेवा, कारण मी ठेवली तर घरात कुणी विश्वास ठेवणार नाही.

आपला नम्र,
एक बादलीवाला वाचक